टेबलघड्याळाचा जन्मदाखला

त्याचे असे झाले. आमची धाकटी कन्या यंदा दहावीला. पहाटे उठून अभ्यास करायचा तर गजराचे घड्याळ हवे, असा तिने धोशा लावला. घरात मोबाइल आहेच. पण गजर बंद करता करता त्यातच तास कसा जातो ते कळत नाही, हे तिचे तिनेच कबूल केले. पोर स्वतःहून मोबाइल नको म्हणते आहे, तेव्हा नाही म्हणायचे कसे? म्हणून एका शुक्रवारी सकाळी आम्ही उभयता चोरबाजारात गेलो. जुन्या वस्तूंचा नाद आम्हाला पहिल्यापासूनचा. घरचे त्याला ‘भंगाराचे वेड’ म्हणतात.

मटन स्ट्रीटवर एका पथारीवर ते घड्याळ दिसले. साधारण वीतभर उंचीचे, गडद तपकिरी, दोन्ही बाजूंनी पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेले. मधोमध गोल तबकडी, आकडे सरळसोट नि जाडसर, काटे मातकट. तबकडीवर नावगाव काही नाही. आम्ही हातात घेतले तसे पथारीवाले चाचा म्हणाले, “अंग्रेज के जमाने का है साहब, पूरा सौ साल पुराना. लाट साहब के बंगले से आया है.” भाव सांगितला अडीच हजार. आम्ही उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. शेवटी सहाशेला सौदा तुटला. चावी दिली तर टकटक सुरू झाली, गजरही खणखणीत वाजला.

घरी आल्यावर कन्येने घड्याळ उलटसुलट करून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “बाबा, शंभर वर्षांचं आहे, हे कुठं लिहिलंय?”

आम्ही गप्प. खरेच, कुठे लिहिले होते? चाचांनी सांगितले आणि आम्ही मान डोलावली होती. कोणी सांगितले म्हणून मानायचे नाही, तपासून घ्यायचे, हे आपण मुलांना शिकवतो. मग घड्याळाच्या बाबतीत वेगळा नियम कशाला? त्या दिवसापासून आम्ही बापलेक या घड्याळाचा जन्मदाखला शोधायला लागलो. त्या शोधात जे हाती आले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखप्रपंच.

इरॉस सिनेमाच्या पायऱ्या

पहिला पुरावा आकाराचा. पायऱ्यापायऱ्यांचा हा आकार आम्ही कुठेतरी पाहिला होता. दोन दिवस आठवेना. मग चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडताना एकदम डोक्यात उजेड पडला. समोर इरॉस सिनेमा! तोही असाच थराथराने वर चढत गेलेला. १९३८ साली सुरू झालेले इरॉस, त्याच वर्षीचे धोबीतलावचे मेट्रो, १९३३ सालचे कुलाब्याचे रिगल, आणि मरीन ड्राइव्हवरच्या त्या गोलसर कोपऱ्यांच्या इमारती, ही सारी एकाच घराण्यातली. या घराण्याचे नाव ‘आर्ट डेको’. ओव्हल मैदानाच्या एका अंगाला असलेल्या व्हिक्टोरियन इमारती आणि दुसऱ्या अंगाच्या व मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती, या दोन्हींना मिळून युनेस्कोने ३० जून २०१८ रोजी जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या शैलीचे नाव पॅरिसमधल्या १९२५ सालच्या एका मोठ्या प्रदर्शनावरून पडले. सजावटीच्या आणि औद्योगिक कलांचे ते प्रदर्शन होते. त्यापूर्वीच्या वस्तूंवर वेलबुट्टी, फुले, पऱ्या यांची गर्दी असे. नव्या शैलीने ती झाडून काढली आणि सरळ रेषा, पायऱ्या, उगवत्या सूर्याचे किरण, आगगाडीसारखे वेगवान वळण अशी साधी, ठसठशीत रूपे आणली. १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाची कबर सापडली होती, त्याचेही वेड या शैलीत उतरले. सिनेमागृहे, आगबोटी, रेडिओ, पंखे, घड्याळे, सगळ्यांनी हाच पोशाख चढवला. म्हणजे आमचे घड्याळ फार तर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावातले. लाट साहेबाच्या आजोबांचे नव्हे.

येथे एक गोम लक्षात ठेवावी. ‘आर्ट डेको’ हे नाव सर्वतोमुखी झाले ते १९६० नंतरच्या दशकात. ज्या काळात ही घड्याळे बनली त्या काळी कारखानदार हा शब्द वापरत नसत. तेव्हा एखाद्या घड्याळाच्या तबकडीवर किंवा पाठीवर ‘आर्ट डेको’ असेच छापलेले दिसले, तर ते नवे आहे असे बेलाशक समजावे.

जुन्या लाल साबणाचा वास

दुसरा पुरावा अंगाचा. घड्याळ लाकडाचे नव्हते, पत्र्याचे नव्हते, आजच्या हलक्या प्लॅस्टिकचेही नव्हते. हाताला जड, गार, टिचकी मारली तर बद्द आवाज. कन्येने अंगठ्याने एक कोपरा जोरजोरात घासला, तापला तसा नाकाशी नेला आणि म्हणाली, “आजीच्या साबणासारखा वास येतोय!” आजीचा साबण म्हणजे पूर्वीची ती कार्बोलिकची लाल वडी. हाच बॅकेलाइटचा पुरावा. कार्बोलिक म्हणजे फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून लिओ बेकलंड या मूळच्या बेल्जियन रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत १९०७ साली हा पदार्थ बनवला. संपूर्णपणे कारखान्यात तयार झालेले हे पहिले प्लॅस्टिक. एकदा साच्यात भाजून घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. म्हणून तर कुकरचे दांडे, विजेची जुनी काळी बटणे यांच्यासाठी ते वापरले गेले. साच्यात ओतून हवा तो आकार काढता येत असल्याने ज्या घड्याळाला पूर्वी सुताराचे दिवसच्या दिवस लागत, ते आता भराभर निघू लागले. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचली ती अशी. लाट साहेबाचा बंगला येथे आणखी थोडा मागे सरकला!

स्क्रूंकडेही पाहावे. पाठीवरचे आमचे चारही स्क्रू एका सरळ खाचेचे निघाले. अधिक चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत मोटारींसाठी वापरात आला. तो एखाद्या ‘शंभर वर्षांच्या’ घड्याळात दिसला तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा फसवणूक.

पाठीवरचा तारा

तिसरा पुरावा मात्र पक्का. पाठीचा पत्रा मऊ फडक्याने पुसला तेव्हा चाव्यांच्या मध्ये एक लहानसा आठ टोकांचा तारा उमटला आणि त्याच्या पोटात ‘जे’ हे इंग्रजी अक्षर. खाली एकच शब्द, ‘जर्मनी’. झाले! अंग्रेज का जमाना असेल, पण घड्याळ अंग्रेज का नव्हते.

तारा आणि त्यात ‘जे’ ही खूण युंगहान्स या जर्मन कारखान्याची. श्वार्त्सवाल्ड म्हणजे काळ्या जंगलाच्या डोंगरात श्राम्बर्ग नावाचे गाव आहे, तेथे १८६१ साली एर्हार्ड युंगहान्स यांनी हा कारखाना काढला. १९०३ पर्यंत तो जगातला सर्वांत मोठा घड्याळ कारखाना झाला होता. तीन हजारांवर कामगार होते आणि वर्षाला तीस लाखांच्या वर घड्याळे निघत. एकमेकांना छेदणारे दोन बाण दिसले तर ते घड्याळ त्याच गावातल्या हँबर्ग-अमेरिकन कारखान्याचे. तोही पुढे युंगहान्समध्येच विलीन झाला.

‘जर्मनी’ या शब्दालाही अर्थ आहे. परदेशी मालावर देशाचे नाव टाकण्याची सक्ती ब्रिटनने १८८७ च्या कायद्याने आणली आणि निर्यातीच्या मालावर देशाची नावे येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली जर्मनीचे दोन तुकडे झाले, तेव्हा पश्चिमेकडच्या मालावर ‘पश्चिम जर्मनी’ असे येऊ लागले. नुसते ‘जर्मनी’ असेल तर घड्याळ बहुधा युद्धापूर्वीचे.

या कारखान्याची एक गोष्ट वाचून आम्हाला फार बरे वाटले. १९१६ ते १९१८ या काळात श्राम्बर्गच्या उभ्या चढावर त्यांनी नऊ मजल्यांची एक इमारत बांधली. डोंगराच्या अंगाने एकेक मजला मागे सरकत गेलेला, अगदी पायऱ्यांसारखा. हेतू असा की घड्याळाचे बारीक काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या टेबलावर दिवसाचा उजेड पडावा. २०१८ पासून त्या इमारतीत घड्याळांचे संग्रहालय आहे. ज्यांनी दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात शिलाई केली आहे, बिड्या वळल्या आहेत, त्यांना या उजेडाची किंमत सांगायला नको.

काकांनी हात धरला

आता राहिले साल. त्यासाठी यंत्र उघडायला हवे, ते आपले काम नव्हे. आम्ही घड्याळ आमच्या नाक्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे नेले. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. क्वार्ट्‌झची घड्याळे आल्यापासून गिऱ्हाईक कमी झाले तरी दुकान रोज उघडणारे. काकांनी पाठीचे स्क्रू काढले, भिंगातून पाहिले आणि कन्येला म्हणाले, “हे बघ पोरी, काय दिसतंय?” पितळी पट्टीवर बारीक ठसा होता, ‘बी ३२’. युंगहान्सच्या पुष्कळ यंत्रांवर असा ठसा असतो. ‘ए’ म्हणजे वर्षाचा पहिला अर्धा भाग, ‘बी’ म्हणजे दुसरा, आणि पुढचा आकडा सालाचा. म्हणजे आमचे घड्याळ १९३२ च्या जुलै ते डिसेंबरमधले! शंभरी नाही, पण नव्वदी पार केलेले. कन्येने दुकानातच टाळी वाजवली.

आम्हालाही चेव चढला. म्हटले, “काका, आता एवढंच राहिलं. आकड्यांवर नि काट्यांवर हे मळकं शेणासारखं काहीतरी बसलंय. घरी जाऊन ब्लेडनं खरवडून काढतो, मग कसं लखलखीत दिसेल!”

काकांनी आमचा हात धरला. “साहेब, काही करा, पण ते खरवडू नका. तो मळ नाही. ते रेडियम आहे.”

वाचकहो, ‘रेडियम’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसला आहे की त्याची भीतीच गेली आहे. मोटरसायकलच्या नंबरप्लेटला रेडियम, बॅगेला रेडियम, रिक्षावर रेडियम. पण या चकाकणाऱ्या चिकटपट्टीत रेडियम नावालाही नसते. ती नुसता समोरचा उजेड परत फेकते. अंधारात चमकणाऱ्या आजच्या घड्याळांतही रेडियम नसते. जुन्या घड्याळांत मात्र खरोखरचे असे. रेडियमचा अंश आणि झिंक सल्फाइड मिसळून तो रंग बनवत. रेडियममधून अखंड किरण निघतात, ते झिंक सल्फाइडवर आदळले की हिरवट उजेड पडतो. काही वर्षांनी झिंक सल्फाइड झिजते आणि चमक विझते. आपण म्हणतो, रेडियम संपले. संपलेले काहीच नसते! रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. म्हणजे आमच्या घड्याळातले रेडियम आज जवळजवळ १९३२ इतकेच जागे आहे. काचेच्या आत आहे तोवर धोका थोडा. खरवडले की त्याची धूळ होते, ती नाकातोंडातून शरीरात जाते आणि हाडात जाऊन बसते. आम्ही ते ब्लेड घेऊन बसणार होतो कुठे, तर दहा बाय बाराच्या खोलीत, पोरांच्या जेवणाच्या जागेवर.

ओठांनी ब्रश टोकदार करणाऱ्या मुली

हे ज्ञान जगाला फुकट मिळालेले नाही. त्याची किंमत आपल्या मुलीबाळींच्या वयाच्या कामगार पोरींनी चुकवली आहे.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरण्याचा कारखाना चालू होता. कामाला तरुण मुली, काही तर शाळकरी वयाच्या. मजुरी नगावर. आकडे बारीक, म्हणून ब्रशला टोक हवे. ते टोक ओठांत धरून काढायचे, रंगात बुडवायचे, आकडा रंगवायचा, पुन्हा ओठांत धरायचे, असे मुलींना शिकवले होते. दर खेपेला थोडे रेडियम पोटात जाई. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगितले जात असे. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या पडद्याआडून, चिमट्याने काम करत. मुली गमतीने नखांना, दातांना तो रंग लावत. अंधारात त्यांचे कपडे, केस चमकत.

मग दात पडू लागले. जबड्याची हाडे कुजली. १९२२ पासून मृत्यू सुरू झाले. ग्रेस फ्रायर या कामगार तरुणीला खटला घेणारा वकील मिळायलाच दोन वर्षे लागली. अखेर १९२७ साली पाच जणींनी दावा लावला, आणि १९२८ साली प्रत्येकीला दहा हजार डॉलर, वर्षाला सहाशे डॉलर व औषधोपचाराचा खर्च अशी तडजोड झाली. इलिनॉय राज्यात ऑटवा गावच्या तबकडी कारखान्यातही तेच चालले होते. वेस्टक्लॉक्स या प्रसिद्ध गजरघड्याळांच्या तबकड्या तेथे रंगवल्या जात. तेथील कॅथरीन डोनोह्यू सुनावणीत कोसळल्या, तेव्हा त्यांची पुढची साक्ष त्यांच्या घरी, त्या निजून असताना घेतली गेली. १९३८ साली त्यांनी दावा जिंकला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्या गेल्या. कंपनी वरच्या कोर्टात भांडतच राहिली. १९३९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अपील ऐकायलाच नकार दिला. कामाच्या जागी झालेल्या आजाराची जबाबदारी मालकावर आहे, हे त्या देशात पक्के होण्यात या मुलींचा मोठा वाटा आहे.

ही घटना वाचताना आमच्या कन्येने मध्येच पुस्तक मिटले. म्हणाली, “बाबा, त्या माझ्याहून थोड्याच मोठ्या होत्या.”

आपल्या घरासाठी

घाबरून जाण्याचे कारण नाही, पण सावध असावे. आजोबांच्या पेटीत, माळ्यावर, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या भेटीत असे घड्याळ आपल्याही घरी असू शकते. १९६० च्या दशकापर्यंत रेडियमचा रंग वापरात होता. आकड्यांवर पिवळट, तपकिरी, थोडा फुगीर थर असेल, किंवा काटा वर्षानुवर्षे एका जागी थांबून तबकडीवर करपल्यासारखी सावली पडली असेल, तर रेडियम समजूनच वागावे. काच धड असेल तर घड्याळ उघडू नये, खरवडू नये, उशाशी किंवा अभ्यासाच्या टेबलावर ठेवू नये, मुलांना खेळायला देऊ नये. हॉलमधल्या काचेच्या कपाटात चार हात लांब ठेवायला हरकत नाही. काच फुटली असेल तर झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून फडक्यासकट घड्याळ जाड पिशवीत बंद करावे, हात स्वच्छ धुवावे. आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नये. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाचे जुने यंत्र लिलावातून आले आणि त्यातल्या कोबाल्टच्या किरणांनी एका कामगाराचा बळी गेला. घड्याळातला अंश त्या मानाने अगदीच कमी, पण धडा तोच. आपली नको असलेली वस्तू ज्याच्या हाती जाते, तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो. अशा वस्तूंचे काय करावे याचे नियम ठरवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. शंका असल्यास तेथे विचारावे.

आता शेवटची गोष्ट. घड्याळाची बातमी फिरत फिरत एका गृहस्थांपर्यंत गेली. ते घरी आले, पाहिले आणि चार हजार देऊ केले. नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावर शोभेल म्हणाले. क्लासच्या फीचा हप्ता त्याच आठवड्यात भरायचा होता. सौ.नी आमच्याकडे पाहिले, आम्ही सौ.कडे. कन्या मात्र सरळ म्हणाली, “आजोबा, त्यात रेडियम आहे. लहान मुलाच्या टेबलावर ठेवू नका.” गृहस्थांनी चहा घेतला, आभार मानले आणि रिकाम्या हाताने गेले. फीचा हप्ता आम्ही दुसरीकडून उसना आणला. त्या संध्याकाळी पोरीला दीडशे रुपयांचे सेलचे गजरघड्याळ घेऊन दिले. ते पहाटे पाचला बिनचूक ओरडते.

जुने घड्याळ कपाटात, काचेआड आहे. काकांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही त्याला चावीसुद्धा कधीमधीच देतो. शेजारी कन्येने आपल्या हाताने लिहिलेले कार्ड लावले आहे. येणारे-जाणारे ते वाचतात:

‘जन्म: १९३२, दुसरी सहामाही. गाव: श्राम्बर्ग, जर्मनी. कारखाना: युंगहान्स. अंग: बॅकेलाइट. शैली: आर्ट डेको. वास्तव्य: मुंबई. सूचना: आत रेडियम आहे, उघडू नये. ज्यांनी ओठांनी ब्रश टोकदार केले त्या मुलींची आठवण ठेवावी.’

लाट साहेबाचा त्यात कुठे उल्लेख नाही.